केसावर भांडी

खणभागातल्या आमच्या बोळात
तायव्वाची आरोळी नऊच्या सुमारास शिरते,
'केसावर भांडीऽऽ'
मला ती फक्त रविवारी ऐकू येते.

वर्षभर मी फणीतले केस
दुधाच्या रिकाम्या पिशवीत साठवत होते.
पिशवी फुगत गेली, तसा मी आरसा
न्हाणीच्या दारामागे नेऊन लावला.
औषधवाल्याच्या तीन बाटल्या झाल्या होत्या,
जाऊबाईंनी मिरजेहून पाठवलेला कांद्याचा रसही.
त्या आठवड्यात घरात कुणी माझ्याजवळ बसलं नाही.

तायव्वानं पिशवी पायरीवर उपडी केली.
काटा काढायच्या आधी
एक केस उचलला, उन्हात धरला,
दोन बोटांत टोकापर्यंत ओढून बघितला.
मग दुसरा. मग तिसरा.
सराफानं तार पारखावी तसा.

'बाई, ह्यो मुळासकट आलाय, पांढरं बोंड दिसतंय बगा.
ह्येची येळ झालती, गेला.
बाकीचं समदं मधनंच तुटल्यात.
तुमचं केस गळत न्हाईत वो,
तुम्ही तोडताय.'

सहा-दहाची तासगाव गाडी.
पहाटे पाचला डोक्यावरून पाणी,
पंचानं पीळ, ओल्यातच फणी,
वर काळं रबर, तीन वेढे.
शाळा सुटेपर्यंत अंबाडा आतून ओलाच.
हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.
तिनं पायरीवर बसून वाचलं.

'न्हायाचं ऐतवारी धरा. वाळू द्या.
फणी लाकडाची, खालनं वर.
गुंता लागला की थांबायचं,
भांडायचं न्हाई त्येच्यासंगं.'
मग आमच्याच मोरीकडं बोट:
नळाच्या ओलीला वाढलेला माका,
अंगभर पांढरी बारीक बटणं,
दर महिन्याला मीच उपटून फेकत होते.
'ह्यो ठेचा. खोबरेलात, बारीक जाळावर.
चर्चर थांबली की पाणी आटलं, उतरवा.
आन् रान माजंल असं समजू नका.
हाय ते टिकंल.'

बदल्यात एक वाटी दिली,
जरा डुगडुगणारी.

माक्यानं बोटं काळी झाली.
सहावी ब मधल्या पोरांनी विचारलं,
बाई, पेन फुटला का?
मी हो म्हटलं.

शिमग्याच्या आधी ती पुन्हा आली.
पिशवीत होते ते केस
चिमणीलाही घरट्याला पुरले नसते.
'आता वाटी न्हाई, सुई घ्या एक,'
आणि दात दाखवून हसली,
'चांगलं गिऱ्हाईक हातानं घालवलं की मी.'

पाणी प्यायला तिनं पाटी उतरवली.
पदर सरकला, चुंबळ पडली.
चहूबाजूंनी दाट, काळे, तेल लावलेले केस
आणि मधोमध
बशीएवढी जागा, गुळगुळीत, चकाकणारी.

मी आत जाऊन बाटली आणली.
'तायव्वा, तिथं लावून बघ की.'
तिनं वास घेतला, बूच घट्ट केलं,
बाटली कमरेला खोवली.
'पोरीला लावीन.
हितं काय उपेग न्हाई बाई.
हितं पाटी उतरली तरच उगवंल.'

मग म्हणाली, 'जरा हात द्या.'
केसांची पाटी, हलकी असेल असं वाटलं होतं मला.
खाली पातेली, डबे, परात, दोन कळश्या.
उचलता उचलता माझीच मान आत गेली.
केस वर होते, एका पिशवीत,
त्यांना वजनच नव्हतं.

पाटी ठेवताना मी चुंबळ
बोटभर डावीकडं सरकवली.
तिनं हात वर नेऊन ती परत मधे घेतली.

'ऱ्हाऊ द्या बाई,
तिकडचं अजून हायत.'